दुरपदाची दवंडी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे बोरठाणच्या नदीला चैत्रातही पाणी असायचं त्या काळात, गावात दुरपदा नावाची बाई दवंडी द्यायची. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते आता गावात कुणालाच सांगता येत नाही. म्हाताऱ्यांना विचारा, ते डोकं खाजवतील आणि म्हणतील, होता कुणीतरी राजा. दुरपदाबद्दल विचारा, मग मात्र घोंगडी अंथरतील, चहा ठेवायला सांगतील आणि तुम्हाला बसवून घेतील, कारण ही गोष्ट उभ्या उभ्या सांगायची नसते.

बाईनं दवंडी देणं तेव्हा कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हलगी होती तिच्या नवऱ्याची, सिदूची. तो ऐन उमेदीत तापानं गेला आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. गावाचं तर दवंडीवाचून अडायला लागलं. कुणाची म्हैस हरवली, कुठल्या दिवशी बाजार भरणार, नदीला लोंढा कधी येतोय, हे गावाला सांगणार कोण? शेवटी रायाजी पाटलानं वैतागून दुरपदालाच हलगी उचलायला सांगितली, ती सुद्धा दुसरा माणूस मिळेपर्यंत. तो दुसरा माणूस काही मिळाला नाही, आणि दुरपदा जन्मभर तात्पुरतीच राहिली.

पण तिचा आवाज काय होता म्हणता! ती वेशीत उभी राहून बोलली की नदीपलीकडची गुरं माना वर करायची. पाळण्यातलं रडणारं पोर गप्प व्हायचं, आणि भांडणाऱ्या जावा तेवढ्यापुरतं भांडण थांबवून, दवंडी संपली की जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करायच्या. खंडोबाच्या देवळासमोर तिची हलगी वाजली की आतल्या समईची ज्योत सरळ उभी राहायची, असं म्हणतात. दुरपदानं ती ज्योत कधी पाहिली नाही. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिच्या वस्तीनं देवळाच्या पायरीपर्यंत यायचं, पुढं नाही. हलगीचा आवाज देवाला आत ऐकू जातो, मग वाजवणारीला आत यायची गरज काय, असं गावाचं म्हणणं होतं, आणि आपण काही वावगं बोलतोय असं गावाला वाटतही नव्हतं.

आता दवंडीचा एक रिवाज सांगितला पाहिजे, त्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही. दवंडी देणाऱ्यानं तोंडातून अभद्र शब्द काढायचा नाही. गावात साप निघाला तर लांबडं निघालंय म्हणायचं. अंगावर देवीचे फोड उठले तर बाया आल्यात म्हणायचं. तुम्ही आम्ही तरी वेगळं काय करतो? नारळ फोडतो, पण म्हणताना नारळ वाढवला म्हणतो. दुकानाला कुलूप लावतो आणि दुकान वाढवलं म्हणतो. हातातली बांगडी पिचली तर बाई म्हणते, बांगडी वाढली. मराठीत वाढवणं म्हणजे जास्त करणं, आणि मराठीतच वाढवणं म्हणजे मोडून संपवणं. लहान पोरांचा ह्यात गोंधळ होतो. मोठ्यांचा होत नाही. निदान तोवर तरी होत नव्हता.

तर झालं काय, त्या राजानं राजधानीत एक मोठं देऊळ बांधलं. सोन्याचा कळस, संगमरवरी पायऱ्या, दाराशी झुलणारा हत्ती. देऊळ बांधलं ते बरंच केलं. पण कुणीतरी त्याच्या कानाला लागलं, की महाराज, रयत जोवर हजार दगडांपुढं वाकते तोवर ती पुरती आपली नव्हे. सगळ्यांनी एकाच देवाला, आपल्या देवाला, हात जोडले पाहिजेत. राजाला ते पटलं. राजांना असलं चटकन पटतं. त्यानं हुकूम सोडला, की गावोगावचे देव फोडून टाकावेत, पीर उठवावेत, घरातले देवांचे चांदीचे टाक वितळवावेत, आणि सकाळ संध्याकाळ सगळ्यांनी राजधानीकडं तोंड करून हात जोडावेत.

ठाण्याच्या अंमलदारानं, भिवरावानं, मुलखातल्या सगळ्या पाटलांना बोलावून हा हुकूम तोंडी सांगितला. रायाजी पाटील ऐकून परत निघाला. त्याचं घोडं एरवी चौखूर यायचं, त्या दिवशी बैलाच्या चालीनं आलं. चावडीवर बसून त्यानं दुरपदाला हाक मारली. आधी पाणी मागवून प्यायला, मग तिला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, की गावातले देव फोडायचेत, दे दवंडी. एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

दुरपदानं गवताचा जाळ करून हलगी शेकली. कातडं ताणलं गेलं, आवाज खणखणीत झाला. ती वेशीत आली. हलगीवर काडीचं टिपरू पडलं, बोटं पडली, गाव दारात आला.

"ऐका हो ऐका," ती म्हणाली, "सरकारचा हुकूम हाय."

आणि तिचा गळा नुसता हलला. तो शब्द जिभेवर येईना. का येईना हे तिला त्या घडीला सांगताही आलं नसतं. पण तोंडाला आपली वाट ठाऊक होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते त्या वाटेनं गेलं.

"आपापलं देव वाढवा हो," ती म्हणाली.

ती गावभर फिरली आणि प्रत्येक चौकात तेच म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण आपण देव मोडायलाच सांगतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ती घरी आली. वस्तीच्या कडेला लिंबाखाली शेंदूर लावलेली मरीआई होती, तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही.

गावानंही दवंडी बरोबर समजून घेतली होती. लोकांनी दारं लावून घेतली. दादू मुलाणी पिराच्या चौथऱ्यावर डोकं टेकून बसला. बायका देवघरातले टाक पदरात धरून एकमेकींकडं बघायला लागल्या. आज नाही, उद्या बघू, असं जो तो मनाशी म्हणाला.

पण वर माळावर म्हाळू धनगर मेंढरं राखत होता. तो साधा माणूस, आणि वाऱ्यावरून येईल तेवढंच त्याला ऐकू आलं. म्हाळू किती वर्षं पाटलाच्या मागं लागला होता, की माझ्या बिरोबाला माळावर हातभर जागा द्या. पाटील दर वेळी म्हणायचा, गावात देव काय थोडे आहेत? आणि आता वाऱ्यावरून सरकारचा हुकूम येतो, की देव वाढवा. म्हाळूला आनंदानं काय करू न काय नको असं झालं. त्यानं त्याच संध्याकाळी एक चांगला उभट दगड निवडला, धुतला, माळाच्या टोकावर रोवला आणि घरातला होता नव्हता तेवढा भंडारा त्यावर उधळला. सकाळी गावानं वर पाहिलं, तर माळाचं टोक पिवळंधमक झालेलं.

माणसं धावत वर गेली. म्हाळूला म्हणाली, अरे, हे काय केलंस? म्हाळू म्हणाला, हुकूम पाळला. सरकारनंच सांगितलं ना, देव वाढवा.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्याला समजावून सांगायला तोंड उघडावं, तर आपणच आपल्या देवांवर घाव घालायला सांगितल्यासारखं. आणि शिवाय, बोरठाणात असंही मानायचे, की दवंडीत कानावर पडलं तेच खरं, मागाहून त्यात कुणी दुरुस्ती करायची नाही. माणसं खाली उतरली ती गप्प उतरली. पण चाल बदलली होती.

पहिली उठली ती पाटलीणबाई, सगुणाबाई. लग्नात ती माहेरची जानाई पदराला बांधून घेऊन आली होती, चांदीचा एवढासा टाक. सासू म्हणाली, ह्या घरात ह्या घरचीच कुलदेवी राहील. आणि जानाई धान्याच्या कणगीत गेली ती सासू वारली तरी कणगीतच राहिली. सगुणाबाईनं त्या सकाळी कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, जानाई काढली, चिंचेनं घासून लख्ख केली आणि घराच्या बाहेरच्या भिंतीत, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल अशा कोनाड्यात बसवली. पाटील बघतच राहिला. हे काय चालवलंयस म्हणाला. ती म्हणाली, सरकारचा हुकूम आहे, तुम्हीच तर आणलात. पाटलानं मिश्यांना उगाच पीळ दिला आणि शेताकडं निघून गेला.

मग काय, गावाला ऊतच आला. दादू मुलाण्यानं पिराशेजारी आपल्या आजीच्या गावच्या अवलियाचं निशाण लावलं. शेटजी आपला पारसनाथ आजवर मागच्या खोलीत दार लावून पुजायचे, त्यांनी तो पुढच्या सोप्यात आणून ठेवला. कुणी बांधावरच्या म्हसोबाला शेंदराचा नवा हात दिला, कुणी जावयाकडचा देव आणला. विसोबा सुतार राहिला. विसोबा कुठलाच देव मानायचा नाही. गाव पालखीला त्याला ओढून न्यायचं आणि तो बैलासारखा मागं मागं यायचा. लोकांनी त्याला चिडवलं, काय विसोबा, तू कुठला वाढवणार? त्यानं दारापुढं सुबक लाकडी देव्हारा केला, नक्षी कोरली आणि रिकामा ठेवला. म्हणाला, मी माझा वाढवला, आता ह्यात काही ठेवायला याल तर बोटं मोडीन. आणि आश्चर्य म्हणजे गावानं त्याला त्या वर्षीपासून पालखीला ओढलं नाही.

दुरपदा हे सगळं बघत होती. पहिल्यांदा ती घाबरली. मग विसोबाच्या देव्हाऱ्यासमोर उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. सिदू गेल्यापासून ती पहिल्यांदाच खदाखदा हसली. त्या हसण्यानं घरात खुंटीला टांगलेली हलगी आपोआप घुमली, असं म्हणतात.

पण अशा गोष्टी लपून राहत नाहीत. भिवराव अंमलदार एके सकाळी स्वार घेऊन गावाची तपासणी करायला आला. तो दुष्ट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तो हुकमाचा माणूस होता. खालच्याला जे सांगायचं ते सांगायचं, वरच्यानं जे सांगितलं ते करायचं, मध्ये आपलं काही ठेवायचं नाही. अशा माणसाची भीती दुष्टाहून जास्त वाटते, कारण दुष्टाला निदान विनवता येतं.

त्याला वाटलं होतं, गावात ढिगारे दिसतील. त्याच्या घोड्याला धड वाट सापडेना. इकडं शेंदूर, तिकडं भंडारा, वर हिरवं निशाण, कोनाड्यात चांदी, झाडाखाली उदबत्त्या. त्यानं चावडीसमोर घोडं थांबवलं आणि पाटलाला विचारलं, की मी काय सांगितलं होतं आणि हे काय आहे? पाटील म्हणाला, सरकार, दवंडीत असंच सांगितलं गेलं. मग दुरपदाला बोलावणं गेलं.

ती पदर सावरत आली आणि चावडीच्या खाली उभी राहिली. सगळा गाव भोवती गोळा झाला होता. अंमलदारानं तिला विचारलं, की पाटलानं तुला कोणता शब्द सांगितला होता? तिनं खरं ते सांगितलं. मग तू तो का बदललास, असं त्यानं विचारलं. आजवर जे तिला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं, ते तेव्हा तिच्या तोंडून बाहेर आलं.

"सरकार, माझा धनी गेला तवा म्हाताऱ्या जमल्या," ती म्हणाली. "माझं हात दगडावर धरलं आन म्हनल्या, बाई, बांगड्या वाढव. फोडल्याच त्यांनी. मनगटातनं रगात आलं. पर तोंडानं वाढवच म्हनल्या. त्या येका शबदावर मी जगले. तो शबूद मला मिळाला, मग द्येवांना कसा नको?"

गर्दीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. अंमलदार जरा वेळ घोड्याच्या आयाळीकडं बघत राहिला. पण हुकूम तो हुकूम. तो म्हणाला, झालं ते झालं, त्याची शिक्षा मी करत नाही. आता हलगी आण. माझ्यासमोर, ह्या चावडीवरून, सरळ शब्दात दवंडी दे. तुझ्या वस्तीतली तुझी मरीआई हवी तर राहू दे, तिच्याकडं मी बघणार नाही. पण शब्द चुकलीस, तर जीभ कापून ठाण्यावर नेईन.

दुरपदा हलगी आणायला घरी गेली. स्वार तिच्या मागं होता. पाटील तिला वाटेत गाठून म्हणाला, की दुरपदे, म्हणून टाक बाई, पुढचं आम्ही बघू. देवळाचा पुजारी, जो तिच्या सावलीनं सुद्धा बाजूला सरायचा, तो गावकुसाबाहेर तिच्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, जीभ गेली तर तू खाशील काय? सगळे तिच्याच भल्याचं बोलत होते. तिनं गवत पेटवलं आणि हलगी शेकायला घेतली. शेकता शेकता तिनं मनाशी सगळं करून पाहिलं. शब्द उच्चारला तर मरीआई राहते, जीभ राहते, पोट भरतं. आणि मग उद्यापासून त्याच जिभेनं भाकरी खायची, त्याच जिभेनं सिदूचं नाव घ्यायचं. तिला ते जमणार नव्हतं. तिचं ठरलं. शिंक्यावरची शिळी भाकरी तिनं काढली, चटणीबरोबर निवांत खाल्ली, वर पाणी प्यायली. स्वार म्हणाला, आता भूक कशी लागते तुला? ती म्हणाली, मागनं चव कळंल का न्हाई, कुनाला ठावं.

ती चावडीसमोर आली. अंमलदार घोड्यावरून उतरून ओट्यावर उभा होता. तिनं जोहार घातला आणि म्हणाली, की गावाचा रिवाज आहे. हुकूम देणारा गावात हजर असला, तर पहिला उच्चार त्याचा. त्यानं गावाच्या तोंडावर शब्द बोलायचा आणि दवंडीवालीनं मागून उचलायचा. मागल्या खेपेला तुम्ही नव्हता, म्हणून पाटलानं सांगितला.

ह्यात तिचा काही डाव होता का, ह्यावर बोरठाणात अजून वाद होतो. अर्धे म्हणतात, तिला सगळं आधीच दिसलं होतं. अर्धे म्हणतात, कसलं काय, रिवाज होता आणि तिनं तो सांगितला. मला विचाराल तर मी दुसऱ्या अर्ध्यांतला. जीभ जाणार हे जिला पक्कं ठाऊक आहे, ती बाई रिवाज सोडून कुठं जाईल?

अंमलदाराला त्यात काही अवघड वाटलं नाही. उलट, एका शब्दानं एवढा घोटाळा झालेला पाहून त्यानं ठरवलं, की ह्या खेपेला फट ठेवायची नाही. प्रत्येक देवाचं नाव घ्यायचं आणि मग हुकूम बोलायचा, म्हणजे माझा त्यात नव्हता असं म्हणायला कुणी उरणार नाही. त्यानं पाटलाला शेजारी उभं केलं. पाटील एकेक नाव हळू सांगत गेला आणि अंमलदार ते मोठ्यानं गावापुढं बोलत गेला.

"खंडोबा," अंमलदार म्हणाला. "पीरसाहेब. म्हसोबा. पारसनाथ. बिरोबा."

पाटलाचा आवाज अगदी खाली गेला. त्यानं आपल्या बायकोच्या माहेरची देवी सांगितली.

"जानाई," अंमलदार म्हणाला, आणि थांबला.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. नावं सगळी घेऊन झाली होती आणि आता काय करायचं तेवढंच म्हणायचं राहिलं होतं. गाव वाट बघत होता. अंमलदारानं मान वळवली, तर समोरच पाटलाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ती बसलेली, घासून लख्ख केलेली. जानाई त्याच्याही घरची कुलदेवी होती. हे बोरठाणात कुणालाच माहीत नव्हतं. हुकूम आला त्या दिवशी त्यानं सगळ्यांत आधी आपल्या घरचा देव्हारा कुलूपबंद केला होता, आणि त्या दिवसापासून त्याची आई त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पण नाव घेऊन हाक मारत नव्हती.

त्यानं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. ज्या नावानं लहानपणी आईनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला होता, ते नाव त्याच्या तोंडातून नुकतंच निघालं होतं आणि अजून ओठांवर गरम होतं. त्याच्यामागं तो शब्द जोडायचा तर जोडणार कसा? दुरपदा खाली उभी राहून त्याच्याकडं बघत होती. तिला त्या मोठ्या माणसाचा गळा हलताना दिसला, आणि आपला त्या दिवशी वेशीत हलला होता तो आठवला. तिला त्याची दया आली. जीभ जायच्या घडीला तिला त्याची दया आली, असं म्हणतात, आणि ह्या गोष्टीतलं हेच मला सगळ्यांत मोठं वाटतं.

"वाढवा," अंमलदार म्हणाला.

तो अगदी हळू म्हणाला. पण दुरपदाच्या कानाला तेवढं पुरलं. तिनं हलगीवर टिपरू टाकलं आणि आवाज काढला, तो असा की तसा तिनं आधी कधी काढला नव्हता आणि नंतरही नाही.

"देव वाढवा हो," ती म्हणाली. "ज्याचा जो असंल, ज्याला जो हवा असंल, त्यो वाढवा हो."

असं म्हणतात, की त्या आवाजानं माळावरचा भंडारा उडाला आणि गावावर पिवळा पाऊस पडला. पिराचं निशाण वारा नसताना फडफडलं. नदीचं पाणी घटकाभर थांबून ऐकत राहिलं, असंही म्हणतात. अंमलदाराच्या पागोट्यावर तो भंडारा बसला तो त्यानं झटकला नाही. तो खाली उतरला, पाटलाच्या घरापुढं गेला, कोनाड्यापुढं उभा राहिला आणि कुणाला न सांगता घोड्यावर बसून निघून गेला.

राजधानीत त्याला दरबारात उभं केलं. राजानं विचारलं, बोरठाणच्या देवांचं काय केलंत? अंमलदारानं मुजरा केला.

"वाढवले, महाराज," तो म्हणाला.

राजा खूश झाला. त्यानं अंमलदाराला शालजोडी दिली. अंमलदार ती घेऊन घरी गेला, देव्हाऱ्याचं कुलूप काढलं, आणि त्या दुपारी आईनं त्याला नाव घेऊन जेवायला हाक मारली. पुढं ठाण्यावर जो जो पाटील आला, त्याला त्यानं तोच शब्द दिला. मुलखातल्या गावोगावी दवंड्या फिरल्या, गावोगावी देव वाढले, आणि आपल्या राज्यात आता एकच देव उरला ह्या समाधानात तो राजा सुखानं म्हातारा होऊन वारला. त्याला खोटं कुणीच सांगितलं नाही. त्याला मराठी जरा कमी येत होतं, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. बोरठाणलाही तसंच वाटलं होतं. पाटील, पुजारी आणि गावची जाणती माणसं दुरपदाच्या दारी गेली. सगळ्यांनी एकेक वाढवला, तुझं राहिलं, असं म्हणाली. तुला कुठला देव वाढवायचा ते सांग, गाव खर्च करील.

दुरपदा म्हणाली, "माझी मरीआई हाय की. मला आनिक द्येव नको. वाढवायचंच आसंल, तर देवळाचा दरवाजा वाढवा."

जाणती माणसं मान डोलावत परत आली. कामाला सोपं होतं. त्यांनी खंडोबाच्या देवळाचं दार दोन्ही बाजूंनी ऐसपैस करून घेतलं, विसोबा सुताराकडून नव्या जाड फळ्या करून घेतल्या, आणि दुरपदाला दाखवायला बोलावलं. ती पायरीपर्यंत आली आणि नेहमीसारखी थांबली. तिनं त्या रुंद दाराकडं बघितलं, फळ्यांकडं बघितलं आणि काही न बोलता घरी गेली.

गाव बुचकळ्यात पडला. आता हिला आणखी काय हवं? कुणी म्हणालं, अजून रुंद करायला हवं होतं. कुणी म्हणालं, नक्षी हवी होती. बराच खल झाला. शेवटी विसोबा, ज्याचा देवाशी काडीचा संबंध नव्हता, तो चावडीवर उभा राहिला आणि म्हणाला, की अरे, तुम्ही शब्द चुकीच्या बाजूनं ऐकलात. ह्या खेपेला ती फोडायलाच सांगतेय.

चावडी गार पडली. पुजारी उठून गेला. काहींनी नाकं मुरडली, काही भांडले, आणि ते भांडण बरेच दिवस चाललं, हेही खरंच सांगितलं पाहिजे. पण गावातल्या प्रत्येकाच्या दारी त्या बाईच्या जिभेनं राखलेला एक देव बसलेला होता. नाही म्हणायचं, तर त्याच्या देखत म्हणावं लागत होतं. एका सकाळी विसोबा हत्यारं घेऊन गेला, त्यानं स्वतःच केलेल्या फळ्या बिजागऱ्यांतून उतरवल्या आणि रायाजी पाटलानं त्या खांद्यावर घेऊन बाहेर नेल्या. मग पाटील स्वतः गावकुसाबाहेर गेला आणि दुरपदाला घेऊन आला. ती हलगी घेऊन आत गेली. समईची ज्योत तिनं पहिल्यांदा पाहिली, आणि ती सरळच होती.

बोरठाणच्या खंडोबाला आजही दार नाही. चौकट आहे, चांगली बैलगाडी जाईल एवढी रुंद, पण फळ्या नाहीत. पावसाची सर थेट आत येते, उन्हाळ्यात कुत्री गारव्याला येऊन झोपतात, आणि चोरी म्हणाल तर अजून झालेली नाही. दर वर्षी माघातल्या पहिल्या मंगळवारी गावातली एक बाई हलगी शेकते आणि वेशीपासून दवंडी देत निघते. त्या दिवशी ज्याला जो देव वाढवायचा असेल तो त्यानं वाढवावा, आणि हा कुणाचा, हा कशाला, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. विसोबाच्या रिकाम्या देव्हाऱ्यालाही त्या दिवशी तेलपाणी होतं. परगावची माणसं विचारतात, ह्यात कोण आहे? गाव म्हणतं, तुम्हाला काय करायचंय?

फिरत फिरत दवंडी देवळापाशी येते. तिथं सगळा गाव पायरीच्या खाली थांबतो, पाटलाचे वंशज थांबतात, पुजारी थांबतो. ती बाई तेवढी हलगी वाजवत त्या चौकटीतून आत जाते. तिनं आतून हाक दिल्याशिवाय दुसऱ्या कुणी पायरी चढायची नाही, असा दुरपदाच्या नावानं रिवाज आहे.